नळबाईच्या नाकाचं हाड

आमच्या वहिनीला लोक नळबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते आवडतं. चार इमारती, प्रत्येकीला आठ मजले, मजल्यावर चार घरं. म्हणजे एकशे अठ्ठावीस घरांचे नळ, मोऱ्या, फ्लश, शिवाय गच्चीवरच्या टाक्या आणि तळातले पंप, हे सगळं गेली सतरा वर्षं ती एकटी सांभाळते. तिचे वडील नळकाम करायचे. त्यांच्यामागे पिशवी घेऊन फिरता फिरता शिकली. लग्न ठरवायला तिच्या घरचे तिला घेऊन आमच्या घरी आले होते तेव्हा आईने विचारलं, "स्वयंपाक येतो का गं?" तर म्हणाली, "येतो. पण तुमची मोरी तुंबलीय, ती आधी काढून देऊ का?" आणि पदर खोचून दिलीसुद्धा काढून. आई नंतर आठवडाभर त्या मोरीकडेच बघत होती.

मी तिची नणंद. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, विचारणाऱ्यांची मी आजवर भरपूर खरडपट्टी काढलेली आहे. शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं क्लार्क होते, मग गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसले. दादा, वहिनी आणि मी, तिघं एका घरात राहतो. नणंद-भावजयीचं पटत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे येऊन बघावं. आम्ही रोज भांडतो आणि रोज एका ताटलीतली बिस्किटं खातो. एरवी ती मला "अगं" म्हणते. "वन्सं" म्हणाली की समजायचं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार.

तर तिचं नाक. नऊ वर्षांपूर्वी तिला सर्दी झाली आणि ती गेलीच नाही. आधी एक नाकपुडी बंद, मग दुसरी, मग दोन्ही. तोंड उघडं टाकून झोपायची. बोलणं असं झालं की 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द'. दारावर टकटक करून सांगायची, "दळ दुरुस्त करायला आलेय." एका नवीन बिऱ्हाडकरणीने तिला पिठाच्या गिरणीतली समजून "आमचं दळण नाहीये" म्हणून दार लावून घेतलं होतं. वहिनीने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही तिघं पोट धरून हसलो. आज आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मग वास गेला. एकदा दूध उतू जाऊन, भांडं करपून, घरभर धूर झाला, आणि ही ओट्याला टेकून कांदा चिरत उभी! दादा ओरडत आला तेव्हा हिने मागे वळून पाहिलं. लोकांना काय, लोक म्हणाले, "तुझ्या कामाला बरंच आहे की, गटारात हात घालायचा असतो." तीही म्हणायची, "हो ना, देवाने नाक बंद करून पगारवाढच दिली." पण जेवताना ती आमटीत मीठ वाढवत जायची आणि पहिला घास खाऊन गप्प बसायची. चव लागत नाही असं तिने कधी म्हटलं नाही. मला दिसत होतं आणि मीही काही बोलले नाही.

का बोलले नाही? कारण आम्हाला आजार माहीत होता! नाकाचं हाड वाढलंय. आपल्याकडे चार दिवसांपेक्षा जास्त नाक बंद राहिलं की हाडच वाढलेलं असतं. वाणी सांगतो, शेजारीण सांगते, दादाचे केस कापणारा वस्तरा हवेत धरून सांगतो. वर सगळेजण पुढचंही सांगतात की हाड कापलं तरी परत वाढतं, त्यामुळे त्याच्या वाटेला जाऊच नये. झालं. नऊ वर्षं कोणी तिच्या नाकात बघितलं नाही. आणि 'हाड वाढलंय' हे आमच्या घरात सगळ्यात पहिल्यांदा कोण म्हणालं असेल? मीच. ठणकावून म्हणाले होते.

सर्दीला तीन वर्षं झाली आणि तिला धाप लागायला लागली. वय एक्केचाळीस. घराण्यात दमा कोणाला नाही, लहानपणी हिला साधा खोकला नाही, आणि आता छातीतून शिट्टी वाजायला लागली. छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर माणूस, शांत, हात स्वच्छ. त्यांनी सगळं विचारलं. "नाकाचा काही त्रास?" हेही विचारलं. वहिनी म्हणाली, "हाड वाढलंय, जुनंच आहे." शेजारी बसून मी जाणत्यासारखी मान डोलावली. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं आणि छातीला नळी लावली. मी त्यांना दोष देत नाही. समोरची दोन माणसं इतक्या खात्रीने सांगत असतील तर कोण कशाला शंका घेईल?

त्यांनी पंप दिला, तोंडातून ओढायचा. वहिनीने तो हत्यारांच्या पिशवीत पान्यांच्या शेजारी ठेवला. पंप बघून लोकांचे चेहरे पडायचे, जणू आता हिचं सामान बांधायची वेळ आली. ही म्हणायची, "मी दिवसभर पंपच चालू करते. त्यातला हा सगळ्यात लहान." औषध तिने कधी चुकवलं नाही. तरी मधूनच असा काही दमा उसळायचा की अर्धा-पाऊण दिवस ती भिंतीला पाठ लावून बसून राहायची. का उसळला, कोणालाच कळायचं नाही. धूळ म्हणा, हवा म्हणा, दगदग म्हणा. जो तो आपल्या मनाचं कारण द्यायचा.

मग इमारतींना नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढे मी त्यांना जे काही म्हणणार आहे त्यावरून तुमचा गैरसमज होईल. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि सगळं कागदावर पाहिजे. त्यांना आल्या दिवसापासून एकच घोर की आपल्या कारकिर्दीत काही वाकडं घडू नये.

आणि एका सोमवारी घडलं. तिसऱ्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि सहाव्या मजल्यावर फ्लशची टाकी गळत होती. सकाळी वहिनी चहा पिताना कंबर चोळत होती, कपाळही जड झालंय म्हणाली. माझ्या पिशवीत माझ्या गुडघ्याच्या गोळ्या कायम असतात. मी एक काढून तिच्या बशीत ठेवली. ती म्हणाली, "राहू दे गं, एवढं काही दुखत नाही." मी म्हणाले, "घे म्हणते ना! दिवसभर वाकायचंय तुला. फार शहाणपणा करू नकोस." तिने घेतली. माझं ऐकते ती, हीच तर अडचण आहे.

तासाभराने ती चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. नाकातून पाण्याची धार, डोळे लालभडक, ओठ निळे, श्वास आत जाईना की बाहेर येईना. पंप चार वेळा ओढला, काही उपयोग नाही. नेमके त्याच वेळी मॅनेजरसाहेब समितीच्या दोघा सभासदांना घेऊन जिना चढत होते. त्यांनीच गाडी बोलावली, त्यांनीच दवाखान्यात पोचवलं, आणि मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता. हेही मी विसरलेले नाही. तीन दिवस ती ऑक्सिजनवर होती. मी बाहेरच्या बाकावर बसून माझ्या गुडघ्यासाठी त्याच डबीतल्या गोळ्या घेत होते.

ती घरी आली आणि मागोमाग पत्र आलं. तीन महिने रजा. त्यानंतर काम करण्यास योग्य असल्याचं प्रमाणपत्र आणलं तर काम, नाहीतर सुट्टी, कायमची. खाली बारीक अक्षरात, हवं असल्यास तक्रारी लिहून घेण्याच्या टेबलावर जागा मिळू शकेल.

वहिनीने पत्र दोनदा वाचलं. तिला राग आला की कानाच्या पाळ्या लाल होतात. "बी आयुष्यभर फिटिंग केलं," ती म्हणाली, "आणि हा बला अदफिट म्हणतो? टेबलावर बसून बी लिहू, की अमक्याचा दळ गळतोय? आणि दुसरं कोणीतरी जाऊन तो दुरुस्त करणार? बेले तरी चालेल!"

"मरायची भाषा करू नकोस," दादा म्हणाला. दादा सरळ, नाकासमोर चालणारा माणूस, पण त्या दिवशी त्यालाही वाट वाकडी करावीशी वाटली. त्याच्या ओळखीचा एक डॉक्टर होता, मागाल ते लिहून देणारा. 'दमा नाही' असं एका ओळीत देईल, म्हणाला.

"माझं काम जाईल तर जाऊ दे," वहिनी म्हणाली. तिचे म आणि न तसेच होते, पण मी आता बहुतेक ठिकाणी नीट लिहिते, नाहीतर तुम्हाला वाचताना त्रास होईल. "सतरा वर्षांत मी कोणाला म्हटलं नाही, की गळती थांबलीय, आणि थांबलेली नाही. स्वतःच्या बाबतीत म्हणू?"

तिची कामाची एक पद्धत आहे. कोणाच्या छताला ओल आली की लोक म्हणतात, रंग मारून घेऊ. ही आधी वरच्या मजल्यावर जाते, मोरीत लाल रंगाचं पाणी ओतते आणि खाली येऊन वाट बघत बसते. डाग लाल झाला तर वरच्यांची मोरी. नाही झाला तर पुढचा पाइप. घाई नाही, अंदाज नाही. त्या दुपारी ती पलंगावर बसून बोटांवर मोजत होती. "नाक बंद झालं नऊ वर्षांपूर्वी. वास गेला आठ वर्षांपूर्वी. धाप लागली सहा वर्षांपूर्वी. म्हणजे आधी वरचं बिघडलं, मग खालचं. आणि सगळे सहा वर्षं खालच्या मजल्यावर रंग मारतायत!"

दुसऱ्या दिवशी हेच तिने छातीच्या डॉक्टरांना सुनावलं. मी मध्ये बोलू नये म्हणून माझा हात दाबून धरला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाकात आतून कोणी तपासलंय का कधी?"

"नाही. हाड आहे ना."

"हाड आहे असं कोणी सांगितलं?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"मी विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. एवढ्या वयाचा डॉक्टर असं म्हणाला याचं मला फार वाटलं. त्यांनी चिठ्ठी दिली, त्याच दवाखान्यात चौथ्या मजल्यावर, नाकाच्या डॉक्टरकडे.

ती मुलगीच होती, आमच्या शाळेतली वाटावी अशी. तिने दिवा लावलेली बारीक नळी वहिनीच्या नाकात घातली आणि समोरच्या पडद्यावर चित्र आलं. वहिनी नळीच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेणारी नाही. डोकं हलवू नका म्हटलं तरी डोळे पडद्यावर. दिसत होते ते करडे, ओले, चकचकीत गोळे, सोललेल्या द्राक्षांसारखे, एकावर एक रचलेले. वाटच नव्हती.

"हे हाड?" वहिनीने विचारलं.

"तुमचं हाड अगदी सरळ आहे. हे पॉलिप. मऊ असतात, दुखत नाहीत, म्हणून तर लोक वर्षानुवर्षं बसून राहतात. नाकातल्या अस्तराला सतत सूज राहिली की ते असं फुगतं आणि लोंबायला लागतं."

"दऊ वर्षं!" वहिनी ओरडली. "दऊ वर्षं बी एका हाडाला घाबरले, जे दव्हतंच!"

डॉक्टरने नळी बाहेर काढली आणि तीन प्रश्न विचारले. वास येतो का? दमा आहे का? आणि अंगदुखीची, डोकेदुखीची गोळी घेतल्यावर कधी त्रास वाढलाय का?

"मी गोळ्या घेतच नाही," वहिनी म्हणाली.

मला ती बशी दिसली. मग गेल्या वर्षी तिची दाढ दुखत होती तो दिवस आठवला, त्याच संध्याकाळी तिला धाप लागली होती. त्याआधी तिच्या भाचीच्या लग्नात पाय सुजले म्हणून मी दिली होती आणि ती मांडवामागे खुर्चीत बसून धापा टाकत होती, सगळे म्हणाले धूळ. प्रत्येक वेळी मीच! माझ्याच डबीतली! मला वाटलं, गप्प बसावं. खरं सांगते, दोन-तीन क्षण तसंच वाटलं.

"घेतली होतीस," मी म्हणाले. "मी दिल्या होत्या. त्या सोमवारीसुद्धा."

डॉक्टरने मला गोळीचं नाव विचारलं. मी डबीच तिच्या टेबलावर ठेवली. तिने सांगितलं, की नाकात पॉलिप, मोठेपणी सुरू झालेला दमा आणि या जातीच्या गोळ्या न सोसणं, हे तिन्ही काही माणसांत बरोबरच असतं. सगळ्यांनाच नाही, पण पॉलिप आणि दमा दोन्ही दिसले की हे विचारायलाच हवं. तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, असंही म्हणाली. मला त्याने काही बरं वाटलं नाही.

बाहेर बाकावर मी रडले. पन्नाशी उलटलेली बाई, दवाखान्याच्या व्हरांड्यात, हमसून हमसून. "मी तुला मारलं असतं गं," मी म्हणाले. "माझ्या हाताने."

वहिनीने मला रडू दिलं. मग म्हणाली, "वन्सं, पुरे आता. या घरात नाक गाळायचं काम माझं आहे, त्यात वाटेकरी नकोत." थोड्या वेळाने म्हणाली, "तू बोललीस तिथे. नसतीस बोलली तर पुढची गोळी मी तुझ्याच हातून घेतली असती." आणि माझ्या पिशवीतून ती डबी काढून तिने स्वतःच्या गमबुटात टाकली (कामाचे ते बूट ती दवाखान्यातही घालून येते), घरी जाईपर्यंत परत दिली नाही. लंगडत चालली बिचारी.

पुढच्या भेटीत तिने विचारलं, "म्हणजे वरून खाली गळत होतं, असंच ना?"

"तसं गळत नाही हो," डॉक्टर हसली. "नाकापासून फुफ्फुसापर्यंत आतलं अस्तर एकसलग आहे. सूज एकाच जातीची. वर ती पॉलिप करते, खाली दमा करते. वरचं आटोक्यात आणलं की खालचंही बहुतेक वेळा सोपं होतं. पण वरचं काढलं म्हणजे दमा गेला, असं मी म्हणणार नाही."

"म्हणजे सांधा गळत नव्हता. पाइपच सगळा तसला."

"असं म्हणा."

"आणि काढलेले परत येतील?" दादाने विचारलं.

"येऊ शकतात. औषध कायम घ्यावं लागेल, नाक रोज मिठाच्या पाण्याने धुवावं लागेल. तरीसुद्धा काहींना पुन्हा येतात."

दादाचा चेहरा उतरला. घरी येताना तो म्हणाला, मग कशाला एवढा खटाटोप, टेबलावरची जागा घेऊन टाक, सुखाने बस. वहिनीने गाडीतच फोन काढून ऑपरेशनची तारीख विचारली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, शिट्टीसारखा.

आधी औषधाने सूज उतरवली, मग ऑपरेशन झालं. बाहेरून कुठे चिरा नाही, सगळं नाकातूनच. आठ दिवस ती नाकाला कापूस लावून बसली आणि आठही दिवस फोन वाजत राहिला. मॅनेजरसाहेबांनी बाहेरून माणसं आणली होती, आणि ती माणसं व्हॉल्व्ह शोधण्यातच दमत होती. सतरा वर्षांत कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे फक्त हिच्या डोक्यात. "दुसऱ्या बजल्यावर, बीटरच्या बागे!" ही पलंगावरून ओरडायची. "आधी पाणी बंद करा, बग पाना लावा! अहो, उलटा दको!" दादा म्हणाला, रजेवर एवढं काम करणारी बाई मी पाहिली नाही. मी म्हणाले, तू गप्प बस, फोन तिच्या कानाला नीट धर.

ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात मी नेहमीसारखी संध्याकाळी गुडघ्याला मलम चोळत बसले होते. आता गोळ्या घरात नव्हत्याच, त्यामुळे मलम जरा जास्तच. वहिनी शेजारच्या खुर्चीत होती. अचानक तिने मान वर केली, इकडे वास घेतला, तिकडे वास घेतला, मग माझ्या गुडघ्याकडे वाकली.

"अगं बाई गं! हे इतकी वर्षं लावतेस?"

"का? काय झालं?"

"काय झालं काय! आणि मी इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून जेवले?" असं म्हणून तिने खुर्ची दोन हात लांब सरकवली. मला राग आला आणि मी तोंड उघडलं, तेव्हा पाहिलं की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. ती उठून स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून एकेकात नाक घालत राहिली, चहाची पूड, साबण, दादाचा टॉवेल. टॉवेलापाशी म्हणाली, "हा धुवायला पाहिजे." त्या रात्री तिने आमटीत वरून मीठ घेतलं नाही.

तीन महिने संपत आले. छातीच्या डॉक्टरांनी तिला यंत्रात फुंकायला लावलं आणि आकडे बघून भुवया उंचावल्या. पुष्कळ सुधारणा होती. पण मॅनेजरसाहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, प्रमाणपत्रात दमा नाही असं पाहिजे. डॉक्टर म्हणाले, "ते मी लिहू शकत नाही. दमा आहे. आटोक्यात आहे, पण आहे."

दादाने पुन्हा त्या ओळखीच्या डॉक्टरचा विषय काढला. "एक ओळ तर आहे," तो म्हणाला. "कोणाचं काय जातंय?"

"माझं जातंय!" वहिनी कडाडली. "उद्या जिन्यात धाप लागली तर मी पंप लपवून ओढू? चोरासारखी? लोकांना माहीत नसेल तर एखादी प्रेमाची नणंद पुन्हा गोळी देईल मला!" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "दमा आहे, असं लिहा. पॉलिप होते, काढले, परत येऊ शकतात, तेही लिहा. कुठल्या गोळ्या द्यायच्या नाहीत ते लिहा. आणि त्याच्या खाली लिहा, की ही बाई तिचं काम करायला लायक आहे. सगळं एकाच कागदावर."

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं. रोज औषध, टाकी धुताना तीव्र रसायन वापरायचं नाही, तोंडाला मास्क, अमुक जातीच्या गोळ्या पूर्ण बंद, आणि शेवटी, कामास योग्य. तो कागद घेऊन वहिनी चार मजले चढून वर गेली, लिफ्ट चालू असताना, आणि नाकाच्या डॉक्टरचीही सही घेऊन आली. छातीचे डॉक्टर तळमजल्यावर, नाकाची चौथ्यावर. सहा वर्षं एकाच बाईचं एकच दुखणं, आणि दोघांची अक्षरं पहिल्यांदा एका कागदावर आली.

सोमवारी सकाळी दहाला आम्ही मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी येऊ नये असं ती म्हणत होती, मी गेले. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"यात तर दमा आहे असं लिहिलंय."

"आहे म्हणून लिहिलंय," वहिनी म्हणाली.

"पण मी सांगितलं होतं..."

"साहेब," मी म्हणाले, "एकतीस वर्षं मी फॉर्म तपासलेत. तुमचं पत्र माझ्याकडे आहे. त्यात 'काम करण्यास योग्य असल्याचं प्रमाणपत्र' असं लिहिलंय. 'कुठलाही आजार नसल्याचं' असं कुठे आहे, दाखवा मला." त्यांनी पत्र घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. मला फार समाधान वाटलं.

त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही त्या पायरीवर बसला होता, तेव्हा मी तुमचे ओठ बघितलेत," ते म्हणाले. "मला अजून ते डोळ्यासमोर दिसतात. माझ्या जिन्यात माणूस गेलं तर मी काय करू?"

त्यांचं खोटं नव्हतं. वहिनी जरा मऊ झाली.

"मलाही आठवतं," ती म्हणाली. "म्हणून तर सगळं लिहून आणलं. एक प्रत तुमच्याकडे ठेवा, एक पहारेकऱ्याकडे. पंप पिशवीच्या पुढच्या खिशात असतो. मला काय झालंय, ते आधी मलाच माहीत नव्हतं, साहेब. आता सगळ्यांना माहीत असू दे."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि हे? पॉलिप परत येऊ शकतात, असं तुमच्याच डॉक्टरांनी लिहिलंय. दोन वर्षांनी पुन्हा नाक बंद झालं, पुन्हा धाप लागली, मग?"

"मग पुन्हा काढेन."

"आणि त्यानंतर पुन्हा आले तर?"

वहिनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती खुर्चीतून उठली आणि तिने दोन्ही हात त्यांच्या टेबलावर टेकले.

"तुमच्या चार इमारतींत एकशे अठ्ठावीस घरं आहेत," ती म्हणाली. "त्यातला एक नळ मला दाखवा, जो सतरा वर्षांत मी एकदाच दुरुस्त केलाय. गळतो, मी करते. पुन्हा गळतो, पुन्हा करते. म्हणून त्या घरात राहायचं सोडलंय का कोणी?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खिशातल्या दोन पेनांपैकी एक काढलं आणि सही करता करता विचारलं, "दुसऱ्या इमारतीत सातव्यावर पाणीच चढत नाहीये चार दिवस. आज बघाल का?"

"पिशवी बाहेरच ठेवलीय," वहिनी म्हणाली.